छातीवर लिहिलेला रक्तगट

दरवर्षी थंडी पडायला लागली की मला एक फोन येतो. किडनीच्या रुग्णांना मदत व्हावी म्हणून आमच्या शहरात एक मॅरेथॉन होते, तिच्या आयोजकांपैकी कुणीतरी बोलत असतं. "काका, यंदाही स्टेजवर यायचंय बरं का." मी जातो. शाल, गुलाबाचं फूल, फोटो. निवेदक माझी ओळख "मित्रासाठी धावलेले काका" अशी करून देतो. समोरची तरुण मुलं टाळ्या वाजवतात, काही जण वाकून पाया पडतात आणि मी त्यांच्या पाठीवर हात ठेवतो.

यंदा त्यांनी स्मरणिकेसाठी लेखही मागितला. मैत्रीबद्दल काहीतरी लिहा म्हणाले. मी तीनदा लिहायला बसलो. तिन्ही वेळा कागदावर उतरलं ते नेहमीचंच, स्टेजवर सांगतो ते. मग त्यांना नकार कळवला आणि हे लिहायला घेतलं. माझं वय आता एकाहत्तर आहे. ज्याच्यासाठी मी धावलो असं म्हणतात, तो मित्र जाऊन सात वर्षं झाली. त्याच्या आजारपणात मी जे केलं ते सगळ्यांना माहीत आहे. जे केलं नाही ते फक्त मला माहीत आहे, अशी आत्ताआत्तापर्यंत माझी समजूत होती.

आम्ही दोघं मूळचे फुलंब्रीचे. त्याच्या घरी शेती, मोसंबीची बाग. माझे वडील भिक्षुकी करायचे. त्याच्या घरी सत्यनारायण असला की मी वडिलांच्या मागे पिशवी धरून जायचो. आमची ओळख तिथली. माझ्या द्रोणातल्या प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे त्याने वेचून खाल्ले आणि मला म्हणाला, "तुला उद्या दुसऱ्याच्या घरी मिळतील. आमच्या इथं वर्षातून एकदाच असतंय." पुढे शाळा एक, कॉलेजला यायची एसटी एक आणि नोकरीही एकाच सरकारी कार्यालयात. एसटीच्या पाटीवर तेव्हा औरंगाबाद लिहिलेलं असे, आता छत्रपती संभाजीनगर असतं. आम्ही आपले नुसतं 'शहरात जातो' म्हणायचो.

ऑफिसात तो आवक-जावकला होता, मी आस्थापनेला. त्याने उस्मानपुऱ्यात घर बांधलं, मी गारखेड्यात. संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुवायचे आणि चालत त्याच्याकडे जायचं, हा माझा तीस वर्षांचा नेम. बोलण्याचे विषय काही थोर नव्हते. कुणाची बदली झाली, कुणाच्या मुलीचं जमलं, मोसंबीला काय भाव मिळाला. साहेबांच्या नकला तो अशा करायचा की मला ठसका लागायचा. मग तोंड गंभीर करून म्हणायचा, "हसतो काय मियाँ? माणूस दुःखात हाय."

'मियाँ' म्हणताना तो शेवटचा सूर नाकात लांबवायचा. मला त्याचा चेहरा आता कधी कधी फोटो बघूनच आठवतो, पण हा आवाज आपोआप ऐकू येतो. मुलं मला बाबा म्हणतात, नातवंडं आजोबा म्हणतात, बाकी सगळे काका म्हणतात. मियाँ म्हणणारं कुणी उरलं नाही.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी त्याचे पाय सुजायला लागले. ब्लडप्रेशरच्या गोळ्या तो आठवण झाली तर घ्यायचा. तपासण्या केल्या तेव्हा दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी झालेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार असं आठवड्यातून तीनदा डायलिसिस, सकाळी सात ते अकरा. मशीनच्या सुया लावायला डाव्या हातात नसांची जोड केली होती. त्या फुगवट्यावर बोट ठेवलं की आत सारखी थरथर जाणवायची.

"हात लाव," तो म्हणायचा. "विहिरीवरची मोटर बसवलीय. लाइट गेली तरी चालती."

पाणी मोजून. वहिनी, म्हणजे त्याची बायको, सकाळी एक लहान तांब्या भरून ठेवायच्या. दिवसभराचा चहा त्यातलाच, गोळ्यांवरचं पाणीही त्यातलंच. उन्हाळ्यात तो बर्फाचा खडा गालात धरून बसायचा आणि खडा विरघळेपर्यंत बोलायचा नाही. तेवढा वेळ मी एकटा बोलत राहायचो.

किडनी बसवता येईल, पण कुणीतरी द्यायला हवी, असं डॉक्टरांनी सांगितलं. वहिनींना साखरेचा आजार, त्या बाद झाल्या. त्याचा भाऊ तपासणीला गेला तर त्याच्याच किडनीत दोष निघाला. एकुलती मुलगी ओली बाळंतीण, तिचं नावही त्याने काढू दिलं नाही.

अशात एका संध्याकाळी मी नेहमीसारखा गेलो. तो टीव्हीवर बातम्या बघत होता. वहिनींनी चहाचा कप माझ्या हातात दिला आणि तिथेच उभ्या राहिल्या. एरवी त्या कप देऊन आत जायच्या.

"भाऊजी, तुमचा रक्तगट कोणता?"

"बी," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात माझ्या बायकोच्या तपासणीचा कागद घरी आला होता, त्यावर बी होतं. तेच तोंडातून निघालं. माझा रक्तगट ओ पॉझिटिव्ह. त्याचाही तोच.

"बी म्हणजे जमत नाही का?"

"नाही. ओ असलेल्याला ओचीच लागते."

हे मी आधी वाचून ठेवलं होतं. म्हणजे हा प्रश्न कधीतरी येणार, हे मला माहीत होतं.

त्याने टीव्हीवरची नजर काढली नाही. "त्याला कामून विचारती?" तो म्हणाला. "त्याच्या अंगात रक्त कुठंय, निस्ता चहा हाय." आम्ही तिघंही हसलो.

घरी चालत येताना मी स्वतःला बरंच काही सांगितलं. नात्याबाहेरच्या माणसाने किडनी द्यायची तर समितीची परवानगी लागते. रक्तगट जुळला म्हणजे सगळं जुळलं असं नसतं. माझं वय बघून डॉक्टर नाहीच म्हणाले असते. यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण नाही म्हणायचं काम मी डॉक्टरांपर्यंत जाऊच दिलं नाही. मला भीती वाटली होती. पोट कापण्याची, एका किडनीवर उरलेलं आयुष्य काढण्याची. बायकोला यातलं काहीच विचारलं नाही. ती 'द्या' म्हणाली असती तर मला लपायला जागा उरली नसती.

पुढच्याच महिन्यात मॅरेथॉनची जाहिरात दिसली. किडनीच्या रुग्णांसाठी निधी, एकवीस किलोमीटरची अर्धी मॅरेथॉन. मी साठी ओलांडलेली होती आणि आयुष्यात एसटी पकडण्यापलीकडे कधी धावलो नव्हतो. तरी नाव घातलं. जुन्या सहकाऱ्यांकडून, कॉलनीतून मदत गोळा करायला लागलो. त्याला सांगितलं तेव्हा त्याच्या तोंडात बर्फ होता. खडा एका गालातून दुसऱ्या गालात गेला.

"मी काय गणपती हाय का, वर्गणी गोळा करायला?"

"तुझ्या एकट्यासाठी नाही रे. सगळ्याच पेशंटसाठी आहे."

"मग पळ. पण सांभाळून. तू पडला तर तिथं एकबी मशीन रिकामं नाय."

गारखेड्याच्या क्रीडा संकुलात मी सराव सुरू केला. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी. ते तीन दिवस मी निवडले. मंगळवार, गुरुवार, शनिवार.

त्याआधी मी दोनदा त्याच्याबरोबर डायलिसिसला जाऊन बसलो होतो. नळ्यांतून रक्त बाहेर जाताना दिसायचं, परत येताना दिसायचं. तो पडल्या पडल्या माझ्याकडे बघायचा आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे. सराव सुरू झाल्यावर तिथे जायला नको झालं. कुणी कारण विचारलं नाही. मी त्याच्यासाठीच तर धावत होतो.

आणि मला धावणं आवडायला लागलं. हेही लिहिलं पाहिजे. आधी दोन फेऱ्यांत जीव वर यायचा, मग पाच, मग दहा. श्वास लागेनासा झाला, झोप चांगली लागू लागली. त्याच्या अंगात पाणी साठून वजन वाढायचं आणि माझा पट्टा दोन भोकं आत गेला. "लगीन करतो काय परत?" असं तो म्हणाला होता.

शर्यतीच्या आदल्या दिवशी आयोजकांकडून टी-शर्ट आणि नंबराचा कागद मिळाला. बिब म्हणतात त्याला, छातीवर पिनांनी लावायचा. मी दोन्ही घेऊन संध्याकाळी त्याच्याकडे गेलो, दाखवायला.

इथे माझ्या नोकरीबद्दल एक सांगायला हवं. आस्थापनेच्या टेबलावर माझी पस्तीस वर्षं गेली. जन्मतारीख, वारस, शरीरावरील खूण, असे रकाने मी हजारो लोकांकडून भरून घेतले. फॉर्ममध्ये खोटं लिहायचं नाही, खाडाखोड करायची नाही, हे हाडात मुरलेलं. मॅरेथॉनच्या फॉर्मवर रक्तगटाचा रकाना होता. मी ठळक अक्षरांत ओ पॉझिटिव्ह लिहिलं आणि खाली सही केली. लिहिताना मनात काहीही आलं नाही. माणसाशी मी खोटं बोललो होतो, फॉर्मशी नाही बोललो. आणि तो रकाना बिबवर छापला जातो हे मला ठाऊक नव्हतं.

"आण इकडं," तो म्हणाला. "तुला सदऱ्याची गुंडी नीट लावता येत नाय, पिना काय लावतो."

त्याने टी-शर्ट मांडीवर पसरला. डावा हात जपून वापरायचा असल्यामुळे त्याला वेळ लागत होता. एक पिन लावली, दुसरी लावली. तिसरी हातात घेतली आणि थांबला. चष्मा वर सरकवून त्याने कागद जवळ घेतला. नंबराच्या खाली बारीक अक्षरात काहीतरी होतं. त्याच्या अंगठ्याशेजारी ते मलाही तेव्हाच पहिल्यांदा दिसलं. रक्तगट : ओ पॉझिटिव्ह.

आत वहिनी भाकरी थापत होत्या, त्याचा आवाज येत होता. त्या आवाजात मला काहीतरी बोलता आलं असतं. फॉर्मवर चुकून पडलं, एवढंही म्हणता आलं असतं.

त्याने तिसरी पिन लावली. चौथी लावली. टी-शर्ट दोन्ही खांद्यांना धरून उभा केला.

"सरळ हाय का बघ."

"आहे."

"मग घडी घालू नको. हातावर टाकून ने, चुरगाळंल."

मी तो टी-शर्ट तसाच हातावर टाकून गारखेड्यापर्यंत चालत आलो.

शर्यतीच्या सकाळी तो मला बघायला आला. रस्ता त्याच्या घराजवळून जात होता. वहिनींनी कोपऱ्यावर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून दिली होती, अंगावर शाल, कानाला मफलर. नेमकं त्याच कोपऱ्यावर धावणाऱ्यांसाठी पाण्याचं टेबल होतं. लोक बाटली उचलायचे, दोन घोट घ्यायचे, उरलेलं डोक्यावर ओतायचे आणि बाटली टाकून द्यायचे. अर्ध्या भरलेल्या बाटल्या गडगडत त्याच्या चपलांपाशी जात होत्या. मी टेबलावरून बाटली उचलली तेव्हा तो त्या बाटल्यांकडे बघत होता. मग त्याने मान वर केली आणि मला बघून उजवा हात उंच केला.

मीही हात केला. बाटली न उघडता पुढे गेलो आणि वळण गेल्यावर प्यायलो.

शर्यत मी पूर्ण केली. शेवटचे चार किलोमीटर चालत, पण केली. दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो आला, 'मित्रासाठी धावला साठीतला तरुण' असं वर छापून. संध्याकाळी गेलो तर पेपर त्याच्या मांडीवर होता. मी पदक त्याच्या गळ्यात घातलं. त्याने ते राहू दिलं आणि मथळा मोठ्याने वाचला.

"धावला लिहिलंय," तो म्हणाला. "आपल्या फुलंब्रीला धावला कोण म्हणतं? पळाला म्हणतात."

वहिनी हसल्या नाहीत. मी हसलो. तो माझ्याकडे बघत होता, पण डोळ्यांत राग नव्हता. एखादी फाइल कुठे अडकलीय ते माहीत असतं आणि तरी आपण विचारत नाही, तसा तो बघायचा ऑफिसात. मदतीला माणूस धावून येतो आणि संकटातून पळून जातो. आमच्या भाषेतला हा फरक मला त्या दिवशी घरी जाताना नीट कळला.

त्यानंतर तो दोन वर्षं आणि काही महिने जगला. त्याने कधीही विचारलं नाही. मी रोज संध्याकाळी जात राहिलो. निघताना वाक्य तयार असायचं. 'अरे, त्या दिवशी मी खोटं बोललो.' एवढंच, छोटं. उस्मानपुऱ्याच्या चौकापर्यंत ते शाबूत असायचं. मग दार उघडं दिसायचं, आतून आवाज यायचा, "या मियाँ, आज उशीर?" आणि मी आत जाऊन मोसंबीचा भाव सांगायचो.

मृत व्यक्तीची किडनी मिळावी म्हणून त्याचं नाव यादीत होतं. एकदा दवाखान्यातून फोन आला, घाईने रिक्षा करून गेले, तर ती दुसऱ्या कुणाला जास्त जुळली. परत आल्यावर तो मला म्हणाला, "इंटरव्ह्यू दिला. दुसऱ्याची ऑर्डर निघाली."

तो गेला तो गुरुवार होता. डायलिसिस चालू असतानाच हृदय थांबलं. मी मैदानावर होतो. शर्यत होऊन दोन वर्षं उलटली तरी ते तीन दिवस मी पाळत होतो. फोन कडेला पिशवीत होता. फेऱ्या संपवून घाम पुसून बघितलं तर वहिनींचे पाच मिस्ड कॉल. पहिला येऊन पाऊण तास झाला होता.

यंदा स्मरणिकेचा लेख जमेना तेव्हा मी वहिनींकडे गेलो. त्या अजून त्याच घरात असतात. मधल्या वर्षांत माझं जाणं सणावारापुरतं उरलं होतं. त्या मेथी निवडत बसल्या होत्या. मी समोर बसलो आणि त्या पाणी आणायला उठायच्या आत सांगून टाकलं. "वहिनी, माझा रक्तगट बी नाही. ओ आहे. तेव्हाही मला माहीत होतं."

त्यांचा हात थांबला नाही. पानं एका बाजूला, काड्या दुसऱ्या बाजूला.

"ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या. "तुम्ही तो शर्ट घेऊन गेलात, त्यानंतर जेवताना सांगितलं त्यांनी. म्हणाले, त्याचा ओ हाय."

त्यांनी पुढची काडी उचलली.

"मी म्हटलं, मग मी उद्याच विचारते परत. तर म्हणाले, नाय विचारायचं. मी म्हटलं, का हो? तुमचा जीव चाललाय. तर म्हणाले, परत विचारलं तर त्यो यायचाच बंद व्हईल. किडनी भेटंल न भेटंल. संध्याकाळी मला त्यो लागतो." त्यांनी जुडीची दोरी सोडली. "लेकीच्या गळ्याची शपथ घातली मला. स्वतःच्या न्हाई, लेकीच्या. म्हणजे मोडता येऊ नये."

"वहिनी..."

"तुम्ही रोज यायचात. मी रोज चहा द्यायचे. कप ठेवताना रोज वाटायचं, आता विचारावं. अडीच वर्षं वाटलं." पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आज कशाला सांगितलं भाऊजी?"

"मला राहवेना."

"तुमचं हलकं झालं असंल. माझं न्हाई झालं."

तो माझ्या येण्याची वाट बघत असे हे मला माहीत होतं. पण त्या येण्याची त्याने काय किंमत लावली होती, हे माहीत नव्हतं. आणि त्या बदल्यात त्याला जो माणूस मिळत होता, तो रोज दारात येईपर्यंत अर्धा मागे वळलेला असायचा. ज्या संध्याकाळी त्याने अशा राखल्या, त्यांतली एक जरी मला परत मिळाली, तरी मी त्याच्यासमोर नुसता बसेन. बर्फ विरघळेपर्यंत गप्प बसेन. त्याला बघायचं ते बघू देईन.

उठताना मी वहिनींना विचारलं, "मी येत जाऊ का?"

"त्यांनी तुम्हाला विचारलं न्हाई," त्या म्हणाल्या. "तुम्हीबी मला विचारू नका. यायचं तर या."

याला आता तीन आठवडे होत आले. आयोजकांना मी स्टेजवर येणार नसल्याचं कळवलं आहे, कारणासकट. संध्याकाळी हातपाय धुऊन दोनदा घरातून निघालो. दोन्ही वेळा उस्मानपुऱ्याच्या चौकापर्यंतच गेलो. तिथून त्यांचं दार दिसतं. ते उघडं होतं.